उजवीकडची थाळी

४ ऑक्टोबर २०२५
पोहरादेवीजवळचा तांडा

योगिनी,

काल तुले फोन केला त तू नुसतं "आं? आं?" करून ठेवून देला. मी इकडे गच्चीवर चढून, एक हात वर करून बोलून राह्यली होती, खालून पोट्टे हसून राह्यले होते. तुह्या रिठदातलं नेटवर्क आमच्या तांड्यापेक्षा बेकार निघालं वं. म्हणून हा मेल. होस्टेलात आपण एका खोलीत राह्यलो, एकमेकीले लिहायची पाळीच नाही आली. आता कसंतरीच वाटते.

काम असं हाये. मी एका गेम जॅममध्ये नाव देलं. ही ऑनलाइन स्पर्धा असते. ते एक विषय देतात अन् ठरल्या तारखेच्या आत त्याच्यावर छोटा गेम बनवून जमा करायचा. विषय आला 'दोन बाजू'. १२ तारखेले, रविवारी सहा वाजता बंद. वरचा नंबर आलेल्याइले पुण्याची एक कंपनी मुलाखतीले बोलावणार हाये. मानोऱ्याचा कॉम्प्युटर क्लास बंद पडला तवापासून मी घरीच बसली, तुले माहीत हाये. बाबा म्हणते, "दिवाळीनंतर टोळी निघन ऊसतोडीले. तुहं कुठं लागलं नाही त चाल संगं, रांधायले." ओरडून म्हणत नाही, सहज म्हणते. त्याचंच जास्त भेव लागते.

माहा गेम तालाचा हाये. नाव 'घेरा'. आमच्या बाया फेटिया, म्हणजे आरशांचे घागरे, घालून गोल नाचतात ना, तशी एक बाई मधात. डाव्या कानात लखमाकाकाचा नगारा, उजव्या कानात नानीकाकीची काशाची थाळी. डावीकडून ठोका आला की डावं बोट टेकवायचं, उजवीकडून आला की उजवं. बरोबर लागलं त घेरा फुलते, चुकलं त खाली पडते. ठोका दिसत काहीच नाही, सारा कानाचा खेळ.

बाईचं चित्र तू काढ. तुह्याएवढा हात आपल्या वर्गात कोणाचा नव्हता. अन् फोनवर इअरफोन लावून खेळून पाह्य. फाईल संगं जोडली हाये.

रेणू

६ ऑक्टोबर
रिठद

रेणू,

चित्रं धाडली. फेटियाचे आरसे एकेक करून काढले, डोळे गेले माहे. पहिले घेरा लालच केला होता, मंग त्यात निळा टाकला. कसा वाटते सांग.

गेम खेळली. नगारा मस्त हाये, पोटात वाजते. पण थाळी कुठं हाये वं? माह्या फोनवर थाळी वाजतच नाही. नगारा होते, मंग सारं सामसूम, अन् मी वाट पाहत बसली की घेरा पडते. पाच-सहा बार खेळली. उजवी बाजू बंदच हाये. कोडात काही तरी चूक, बग राह्यला, पाह्य.

इकडे सोयाबीन काढणं चालू हाये. थ्रेशर दारातच लावलं, भुसा नाकातोंडात जाऊन सर्दी झाली. कानात पाणी गेल्यावानी दडा बसला, डोक्यात मच्छर गुणगुणल्यावानी होते. भुशाचंच असन. फोन नको करत जाऊ, खरंच काही आयकू येत नाही इथं. मेलच बरा.

रविवारी पाहुणे येऊन राह्यले, रिसोडकडचे. पोरगा शिक्षक हाये म्हणे. बाबा सकाळपासून मले काही ना काही सांगते अन् मंग रागावते की मी आयकत नाही. आजीसंग बसवते मले गहू निवडायले. आमची सोजरआजी बहिरी, तू पाह्यली हायेस. तिच्याशी सारे ओरडून बोलतात, थे भलतंच उत्तर देते, मंग सारे हसतात. थेही हसते.

बग काढ लवकर.

योगिनी

७ ऑक्टोबर
तांडा

योगे,

चित्र पाहून नानीकाकीनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट फिरवलं. "ही त आपली नकटी संगीताच," म्हणे. संगीता म्हणजे आमच्या तांड्याची आशाताई, आरोग्याचं काम पाहणारी. निळा राहू दे.

पण तुह्या थाळीनं माही झोप उडवली. सारा कोड वाचून काढला. उजव्या बाजूचा आवाज वेगळा काढून आयकला, बरोबर वाजते. तरी वाटलं फाईलच खराब असन. म्हणून नानीकाकीले पुन्हा बसवलं, पुन्हा थाळी वाजवून घेतली. थे म्हणे, "किती बार वाजवू वं, देवी बी एवढी मागत नाही." आवाज दुप्पट केला. तुले धाडला. तुहं उत्तर तेच, येत नाही.

मंग वाशिमच्या पवनले धाडला, आपल्या वर्गातला. त्याचा मेसेज, "थाळी एवढी मोठी काहून केली? कानाले ठणका लागला." आता सांग मी काय करू? एकाच्या कानाले ठणका, एकीले काहीच नाही. अशी फाईल जमा केली अन् तपासणाऱ्याच्या फोनवर तुह्यावानीच झालं त? पहिल्याच मिनिटाले गेम फेकून देतीन ते.

एक करून पाह्य. इअरफोन उलटे घाल, डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. मंग काय आयकू येते ते सांग. त्यानं मले समजन खराबी कुठं हाये.

आवाजाचा सारा भाग मी नव्यानं लिहून राह्यली. उद्या संध्याकाळी नवी फाईल धाडतो. ती खेळ अन् लगेच कळव.

रेणू

९ ऑक्टोबर
रिठद

रेणू,

नवी फाईल मिळाली. मस्त झाली. थाळी खणखणीत आयकू येते आता, दोन्ही बाजू बरोबर. घेरा एकदाही पडला नाही. इअरफोनचं काही नव्हतं, तुहा कोडच चुकला होता पहिले.

आता हात लावू नको, जमा करून टाक.

घरात लय काम हाये, रविवारपर्यंत मले वेळ नाही. मेल केला नाही तरी चालन.

योगिनी

१० ऑक्टोबर, सकाळ
तांडा

योगिनी,

मी नवी फाईल धाडलीच नाही.

बुधवारी दुपारपासून आमची विजेची लाइन गेली, ती काल संध्याकाळी आली. लॅपटॉप बंद, फोन बंद. तुहा मेल मी काल लाइन आल्यावर वाचला, तवा नवी फाईल माह्याजवळच होती, अर्धी लिहिलेली. तुह्याजवळ तीच जुनी हाये, जिच्यात तुले थाळी येत नव्हती.

पहिले मले राग आला. वाटलं, हिनं न खेळताच लिहून देलं, हिले माह्या गेमचं काही पडलं नाही. मंग तुहे सारे मेल पुन्हा वाचले. कानात दडा. मच्छर. बाबा रागावते की आयकत नाही. फोनवर आं आं. तू फोन नेहमी उजव्या कानाले लावतेस, मले माहीत हाये, डाव्या हातानं चित्रं काढत बोलायची.

योगे, इअरफोन उलटे घातले तवा काय झालं? खरं सांग. नगारा बंद झाला ना?

मी तुहं नाव न सांगता संगीताताईले इचारलं. तिनं आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरले फोन लावला. ते म्हणाले, एका कानाचं असं अचानक आयकू येणं बंद झालं अन् आवाज होत असन त सर्दी म्हणून घरी बसू नये. कानाच्या नसेचं दुखणं असू शकते. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं त फायदा होते, उशीर केला त होत नाही. लगेच कानाच्या डॉक्टरकडे न्या म्हणाले.

आज जा. रिसोडले नाही त वाशिमले. मायले सांग, बाबाले सांग.

रेणू

१० ऑक्टोबर, दुपार
रिठद

रेणू,

हाव. उलटे घातले तवा थाळी आली अन् नगारा गेला.

मी इअरफोन काढून पुसले, पुन्हा घातले, पुन्हा तेच. मंग उजव्या कानाजवळ चुटकी वाजवून पाह्यली. बोटं हालताना लागत होती, आवाज नव्हता. मी न्हाणीघरात जाऊन बसली अन् कडी लावली. मायनं बाहेरून हाक मारली असन, मले समजलं नाही. थे दार ठोकायले लागली तवा समजलं.

तोवर मले खरंच वाटत होतं की तुहाच गेम बिघडला. इतकी निश्चिंत होती मी.

तुले खोटं लिहिलं कारण तू खोदून खोदून इचारणार, हे माहीत होतं. मले वाटलं तू एकदा जमा करून टाकली की इचारणं थांबन.

पण आज नाही जाऊ शकत. परवा पाहुणे हायेत. आज दवाखान्यात गेली की सारं गाव इचारन काय झालं. बाबानं घराले रंग देला, नवीन सतरंजी आणली. बहिऱ्या पोट्टीले कोण करते वं? आजीले लोक काय म्हणतात ते मी लहानपणापासून आयकून राह्यली. मी पाहुण्याइले डाव्या अंगाले ठेवून बसतो, कोणी उजव्या बाजूले येणार नाही असं पाहतो. एक दिवस निभावून नेतो. सोमवारी जातो दवाखान्यात, तुही शपथ.

तुले माही शपथ हाये, तू कोणाले सांगू नको. बाबाले त अजिबात नाही. सांगतलं त आपलं नातं तुटलं समज.

योगिनी

११ ऑक्टोबर
तांडा

ती. रामराव काका,
सा. न.

मी रेणू, योगिनीची होस्टेलातली मैत्रीण. तुमचा नंबर माह्याजवळ तवापासूनचा हाये. हे एकट्यानं वाचा.

योगिनीले उजव्या कानानं आयकू येत नाही. आठवडा झाला असन. थे तुमचं आयकत नाही असं तुमाले वाटते, पण तिले खरंच आयकू येत नाही. उद्याचे पाहुणे होऊन जातीन तोवर तिनं लपवायचं ठरवलं हाये. डॉक्टर म्हणतात उशीर करू नये. एकेक दिवसाचं महत्त्व हाये.

तिनं मले शपथ घातली होती. मी रात्रभर तळमळली, मंग हे लिहिलं. तिच्यावर ओरडू नका काका. ओरडायचं असन त माह्यावर ओरडा.

रेणू राजपाल राठोड

१४ ऑक्टोबर
अकोला

बेटा रेणू,

मले टाइप करता येत नाही. फोनमध्ये बोलून लिहून राह्यलो, काही चुकलं त समजून घे.

तुहा मेसेज आला तवा मी थ्रेशरवर होतो. वाचला अन् पहिले तुहाच राग आला. परक्या पोट्टीनं माह्या घरातलं मले सांगावं? मंग मशीन बंद केलं अन् घरात गेलो. योगी ओट्यावर बसून सतरंजीचे धागे कापून राह्यली होती. मी तिच्या उजव्या अंगाले मागं उभा राह्यलो अन् हळू हाक मारली, "योगे." तिनं मान वळवली नाही. पुन्हा मारली. थे आपली कापूनच राह्यली.

आठ दिवसांपासून मी त्या पोरीले बोलून राह्यलो होतो. मले वाटलं, तिले हे स्थळ पसंत नाही म्हणून थे मुद्दाम उत्तर देत नाही. शुक्रवारी त मी म्हणालो, "एवढा माज कशाचा?" तेही तिनं आयकलं नसन. नसन आयकलं त बरंच झालं.

मी तिच्या समोर जाऊन बसलो. तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् समजली. म्हणे, "रेणूनं सांगतलं ना?" मंग लय रडली. "उद्याचा दिवस जाऊ द्या बाबा, मंग न्या." मी म्हतलं, "उद्याचा दिवस तुह्या कानातून जाऊन राह्यला."

पाहुण्याइले मीच फोन केला. म्हतलं, पोरीच्या कानाचं दुखणं निघालं, अकोल्याले नेतो, येऊ नका. समोरून म्हणे, "मंग पुढचं पुढं पाहू." मी म्हतलं, पाहा.

रविवारी सकाळीच निघालो. कानाचे डॉक्टर सोमवारी भेटले. नसेले सूज हाये म्हणतात, भुशानं नाही झाली, अशी कधी कोणालेही होते. गोळ्या चालू केल्या, कानाच्या पडद्यातून सुई देऊन राह्यले. आयकणं किती परत येइन ते आत्ता सांगत नाहीत. मी इचारलं, डावा जाईन काय? म्हणे, सहसा नाही जात. सहसा म्हणजे काय, ते मले समजलं नाही अन् मी पुन्हा इचारलंही नाही.

थे तुह्यावर चिडली हाये. तुहं नाव काढू देत नाही. तू मनाले लावून घेऊ नको.

रामराव

१७ ऑक्टोबर
तांडा

योगिनी,

तू वाचशीन की नाही माहीत नाही. काकाचा मेसेज आला, त्यावरून समजलं.

मी शपथ मोडली. माफी मागून नाही राह्यली, कारण पुन्हा तशीच वेळ आली त पुन्हा मोडीन. फक्त एवढं सांगायचं होतं.

गेम जमा झाला नाही. रविवारी पाचलेच चढवायले घेतला होता. पण मधामधात फोन पाहत बसली, काकाचं काही आलं काय म्हणून. मंग नेटवर्क गेलं. मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर धावली, तिथून रस्त्यावर. परत आलं तवा सहा वाजून गेले होते. पडद्यावर लिहून आलं, मुदत संपली. मी रस्त्याच्या कडेले तशीच बसली. लखमाकाका आला, त्यानं इचारलं, "कोणी गेलं काय?" मी म्हतलं, "नाही."

स्पर्धेच्या बाहेर गेम टाकला हाये. कोणी कोणी खेळतात. एकानं लिहिलं, तुमच्या बाईचे आरसे लय सुंदर हायेत. चित्रांखाली तुहं नाव हाये.

पुण्याची मुलाखत गेली. मंग बाबाले सांगतलं की मी टोळीसंग येत नाही. मंगरूळपीरच्या एका ऑनलाइन सेंटरवर जागा होती, तिथं कामाले लागली. पगार जास्त नाही, पण दिवाळीनंतर मायबाप निघाले तरी मी नानीकाकीजवळ राहीन. दुसऱ्या दिवशी बाबा मले स्टँडवर सोडायले आला.

काका म्हणे, ३१ तारखेले तुही पुन्हा तपासणी हाये. मी येऊन राह्यली. बोलली नाही तरी चालन.

रेणू

२ नोव्हेंबर
रिठद

रेणू,

परवा तू अकोल्याले आली, बाकावर बाबाच्या पलीकडे बसली, अन् मी खरंच तुह्याशी बोलली नाही. बाबानं तुले चहा आणून देला तवा मले त्याचाही राग आला. आता घरी आल्यावर लिहून राह्यली.

तुले पहिल्या तपासणीचं सांगायचं हाये. कोणाले सांगतलं नाही, बाबालेही नाही.

ती खोली पाह्यली ना तू, काचेची खिडकीवाली? आत बसवतात, कानावर हेडफोन लावतात, हातात एक बटन देतात. बारीक आवाज आला की दाबायचं, नाही आला त नाही दाबायचं. बाहेर ती ताई बसते. त्या सोमवारी मी आत गेली, दार बंद झालं अन् उजव्या कानात काहीच नाही. नुसता तो मच्छर. मले वाटलं, एकदाही नाही दाबलं त ही ताई कागदावर बहिरी लिहून टाकन. म्हणून मी अंदाजानं दाबायले लागली. डाव्या कानाच्या वेळी पाह्यलं होतं, एक आवाज, थोडं थांबणं, मंग दुसरा आवाज. तोच ताल मनात धरला अन् दाबत गेली. मले वाटलं जमलं.

थोड्या वेळानं ताईनं दार उघडलं. समोर येऊन बसली, माह्या डाव्या बाजूले. म्हणे, "मी आवाज दिलाच नव्हता अन् तुमी दाबून राह्यल्या होत्या." मी मान खाली घातली. म्हणे, "तुमी मले फसवलं त मी औषध कशाचं सांगू?" रागावली नाही. पुन्हा हेडफोन लावून देला अन् दार लावलं. त्या बारीनं मी लय कमी दाबलं. तुह्यावरचा राग मले खरं तिथं आला. वाटलं, तू मले या खोलीत आणून बसवलं.

परवा पुन्हा तीच खोली. तू काचेतून पाहून राह्यली होती. तुहं तोंड एवढं पांढरं पडलं होतं की जसा तुहाच निकाल हाये. मी डोळे मिटून घेतले. डावा कान झाला, मंग उजवा. पहिले जाड आवाज आले. दूरवर कोणी माठावर टकटक केल्यावानी, पण आले. मी दाबलं. आणखी आले, आणखी दाबलं. मंग आवाज बारीक होत गेले अन् एका ठिकाणाहून पुढं काही नाही. मले माहीत होतं की ताई बाहेर आवाज देऊन राह्यली असन. बोट बटनावरच होतं. ताल मनात येऊन राह्यला होता, आता येइन, आता येइन. लय भेव वाटलं. पण मी बोट नाही हालवलं. दार उघडेपर्यंत तशीच बसली.

डॉक्टर म्हणाले, जाड आवाजाचं बरंच परत आलं. बारीक गेलं ते बहुतेक गेलंच. बोलणं समजन, गर्दीत त्रास होइन. आणखी उशीर केला असता त एवढंही राह्यलं नसतं. हे सांगताना त्याइनं बाबाकडे पाह्यलं, बाबानं तुह्याकडे पाह्यलं, अन् तू खाली फरशीकडे.

रिसोडचे पाहुणे पुन्हा आले नाहीत. माय दोन दिवस जेवली नाही, मंग जेवायले लागली. मच्छर हायेच. अंथरुणावर पडली की जास्त होते. डाव्या कानाचं भेव गेलं नाही. सकाळी उठली की पहिले दोन्हीकडे चुटकी वाजवतो.

अकोल्याच्या स्टँडवर तू जीपमध्ये बसली तवा मी तुह्या खिडकीजवळ आली होती, तुले आठवते? तू काही तरी म्हणाली. इंजिन चालू होतं, माहा उजवा कान तुह्याकडे होता, मले काही समजलं नाही. मी हसून मान हालवली अन् तू गेली.

ते हसणं खोटं होतं. मले आयकू आलं नव्हतं. काय म्हणाली होती वं?

योगिनी